झालेल्या कामांची टोपली

सोसायटीचा जुना कॉम्प्युटर बदलायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता, आणि त्या अदलाबदलीत सगळ्यात मोठा घोळही मीच घातला. आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. तेव्हा मात्र धड सांगवत नव्हतं, कारण मी तोंडाची फटकळ, नाकावर राग असलेली आणि स्वतःला फार शहाणी समजणारी बाई होते. शहाण्या माणसाला स्वतःची चूक सांगताना जिभेला कुलूप लागतं.

लग्न होऊन मी भंडाऱ्यात आले ती विणकरांच्या घरात. सासरे माग चालवायचे, सासूबाई चरख्यावर धाग्याच्या कांड्या भरायच्या. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मी माहेरून कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली. मोहल्ल्यात दुसरं कोणी तसं नव्हतं, म्हणून विणकर सोसायटीने मला कामाला घेतलं. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. सोसायटी म्हणजे दोन खोल्या. मागच्या खोलीत कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचे गठ्ठे, पुढच्या खोलीत एक लोखंडी कपाट, एक टेबल आणि त्यावर तो कॉम्प्युटर, जो तीनदा बटण दाबल्याशिवाय सुरू व्हायचा नाही.

इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं, कुईकुई आवाज करत. मेल एकदा मशीनमध्ये उतरला की तो तिथेच. दुसरीकडे कुठे त्याची प्रत राहायची नाही. पोस्टमन पत्र देऊन गेला की पोस्टात काय उरतं, तसंच.

आता घोळ कसा झाला ते सांगायला हवं. आमच्या टेबलाखाली बांबूची एक टोपली असायची. एखाद्या साडीची ऑर्डर पुरी झाली की तिची चिठ्ठी घडी करून त्या टोपलीत टाकायची. कचरा नव्हे बरं, झालेलं काम. वर्ष संपलं की टोपलीतल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सुताने बांधून माळ्यावर जायचा, आणि कधी जुनं काही पाहायचं झालं तर तिथून काढायचा. ही रीत माझ्या आधीपासूनची. मी कॉम्प्युटरवर बसले तेव्हा मेलच्या पानावर डाव्या हाताला एकाखाली एक कप्पे होते, आणि शेवटच्या कप्प्यापुढे टोपलीचं चित्र होतं. ती पुसलेल्या पत्रांची जागा आहे हे मला कोर्समध्ये शिकवलेलं होतं. पण तिथे टाकलेलं पुसलं जात नव्हतं. उघडलं की दिसायचं. मग मी आमच्या रीतीप्रमाणे झालेल्या कामाचं आलेलं-गेलेलं सगळं तिथे टाकत गेले. माझा वरचा कप्पा नेहमी रिकामा, स्वच्छ. त्याचा मला कोण अभिमान.

त्या वर्षी त्या टोपलीत एक मेल होता, आणि त्यावर मामाजींचा काठ अवलंबून होता.

करवतकाठी साडीच्या काठाला करवतीसारखे दात असतात. ते आमच्याकडे सगळेच विणतात. पण मामाजी विणायचे त्या काठात दोन दातांमधल्या खाचेत धानाची एक लोंबी असायची, एका बाजूला कललेली. असा काठ दुसऱ्या कोणाच्या मागावर नव्हता. तीन वर्षांपूर्वी दिल्लीच्या एका प्रदर्शनवाल्यांना आम्ही त्याचा फोटो पाठवला होता. मामाजी खुर्चीत बसून मजकूर सांगत होते, मी टाइप करत होते. दिल्लीवाल्यांचं उत्तर आलं, खाली आमचं पत्र फोटोसकट जसंच्या तसं, वर तारीख. साड्या गेल्या, खपल्या, काम झालं. मेल टोपलीत.

आणि आता एका बाहेरच्या व्यापाऱ्याने तोच काठ स्वतःच्या नावाने लिहून दिला होता. हातमागाच्या नमुन्यांची एक सरकारी यादी होत होती, कोणता नमुना कोणाचा म्हणून. त्यात एकदा त्याचं नाव लागलं असतं तर मामाजींनी आपल्याच मागावर आपलाच काठ विणला तरी ती नक्कल ठरली असती. चौकशीसाठी दोन साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोसायटीत येणार होते. आमच्याकडे पुरावा एवढाच, तीन वर्षांपूर्वीच्या तारखेचा तो मेल. दिल्लीला फोन केला तर तिथला माणूस बदललेला, त्यांना काही सापडेना. अध्यक्षांनी सभेत सगळ्यांसमोर मला विचारलं, मेल आहे ना. मी म्हटलं, माझ्याकडचा एक कागद कधी हरवला आहे का ते सांगा. मामाजी कोपऱ्यात सतरंजीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली, झालं तर मग, म्हणून.

नवा कॉम्प्युटर दसऱ्याच्या मुहूर्तावर घ्यायचा आणि खंडेनवमीच्या पूजेत बसवायचा, असं अध्यक्षांनी ठरवलं. म्हणून अष्टमीला दुकानदार घाईघाईने आला. जुन्या मशीनमधलं नव्यात टाकायचं आणि जुनं मशीन त्याच दिवशी नदीपलीकडच्या कारध्याच्या शाळेला देऊन टाकायचं, म्हणजे त्यांच्याही पूजेला होईल. मी मागच्या खोलीत साड्यांच्या घड्या घालत होते. दुकानदाराने तिथूनच विचारलं, पत्रं सगळी न्यायची ना. मी आतूनच ओरडले, सगळी. उठून पाहायला गेले नाही. संध्याकाळी जुनं मशीन ऑटोत बसून पूल ओलांडून गेलंसुद्धा.

नवमीला पूजा झाली. मोहल्ल्यात माग, धोटे, फणी, चरखे, सगळ्यांना हळदकुंकू लागलं आणि काम थांबलं. पूजेवरच्या हत्याराला उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नसतो. नव्या कॉम्प्युटरच्या गळ्यात झेंडूचा हार. मला तो मेल त्याच दिवशी छापून ठेवायचा होता, पण अध्यक्ष म्हणाले उद्या कर, कुठे पळून जातो. मी चरफडत घरी गेले.

दसऱ्याला दुपारी सोसायटीतली उत्तरपूजा आटोपली तेव्हा चार वाजून गेले होते. अध्यक्ष सोनं वाटायला गेले. मी एकटी नव्या मशीनपुढे बसले. मेलचं पान उघडलं. वरचा कप्पा रिकामा, तो असायचाच. टोपलीवर बोट ठेवलं.

टोपली रिकामी होती.

मी बंद करून पुन्हा उघडलं. सगळे कप्पे पाहिले. नाही नाही त्या जागी शोधलं. दुकानदाराला मोबाइल लावला तर तो सोनं लुटायच्या गर्दीत होता, मागे ढोल. मी विचारलं, पुसलेल्या पत्रांचा कप्पा का नाही आणला. तो शांतपणे म्हणाला,

“कचरा सोडून सगळं घेतलं ना, ताई. नव्या घरात कचरा कायले नेतो मी?”

त्यात त्याची काय चूक. मी त्याच्यावर ओरडले ते केवळ ओरडायला दुसरं कोणी समोर नव्हतं म्हणून. मग मी विचारलं, जुन्या मशीनमधलं पुसलं का. अष्टमीला त्याने चार मशीनांचं काम केलं होतं. कोणतं पुसलं, कोणतं नाही, त्याला नक्की आठवेना. “पुसलं असंन,” म्हणाला, आणि लगेच म्हणाला, “नसंनबी.”

मी घरी पोचले तेव्हा मामाजी नवं धोतर नेसून, टोपी घालून सीमोल्लंघनाला निघत होते. आत्याबाई दारात औक्षणाचं ताट घेऊन उभ्या. मी त्यांना सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की मेल जुन्या मशीनमध्ये राहिला आहे, आत्ता कारध्याला जावं लागेल. मामाजींनी विचारलं नाही की कसा राहिला. त्यांनी चपला घातल्या. विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मला अख्ख्या रस्त्यात वाटत राहिलं.

सणाच्या दिवशी ऑटो मिळेना. मिळाला तो भाव करत बसला, आणि मी त्याच्याशी भांडायला लागले तोवर मामाजी आत जाऊन बसलेही होते. पुलावर माणसंच माणसं, हातात आपट्याची पानं, नव्या कपड्यातली पोरं. खाली वैनगंगा काठोकाठ. ऑटो मुंगीच्या पावलाने चाललेला. मी दर मिनिटाला घड्याळ पाहत होते, कारण कारध्याची लाईट तेव्हा संध्याकाळी सहाला जायची आणि मध्यरात्र उलटल्याशिवाय यायची नाही, हे मला ठाऊक होतं. सकाळीही सहा ते दहा नसायची. म्हणजे जे काय व्हायचं ते सहाच्या आत. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

हेडमास्तर शाळेच्या मागेच राहायचे. बिचारे भले माणूस, किल्ली घेऊन लगेच आले. वर्ग उघडला तर बाकावर लाल कापड अंथरून आमचा कॉम्प्युटर बसवला होता. त्याच्या शेजारी शाळेची घंटा, फावडं, विळा, भूमितीच्या पेट्या. कीबोर्डच्या फटींमध्ये अक्षता अडकलेल्या. मी पुढे होऊन बटणाला हात घालणार तोच हेडमास्तर मध्ये आले. उत्तरपूजा व्हायची होती. ते गावासोबत सीमोल्लंघन करून परत आल्यावर करणार होते, दरवर्षीसारखी.

मी म्हटलं, सर, सहाला लाईट जाते. ते म्हणाले, हो ना, पण पूजेवरचं आहे. मी म्हटलं, परवापर्यंत हे मशीन आमचंच होतं. ते अवघडून मामाजींकडे पाहू लागले. आणि मामाजी म्हणाले की त्यांची जागा, त्यांची पूजा, तू बटण दाबू नको.

माझा संयम सुटला.

“मामाजी, काठ तुमचा जाऊन राहिला, अन् तुम्ही नारळाची वाट पाहून राहिले.”

सासऱ्याशी मी अशी कधी बोलले नव्हते. हेडमास्तरांनी मान खाली घातली. मामाजी मात्र चिडले नाहीत, तेच मला जास्त लागलं.

“जाईन तं जाईन,” ते म्हणाले. “पण पूजेवरून ओढून आणलेल्या हत्याराच्या जोरावर मी उद्या खरं आहो म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?”

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. डोळ्यात पाणी आलं ते रागाचं होतं. या माणसाला काही वाटत कसं नाही, असं मी मनात म्हणत होते. खरं म्हणजे त्यांना किती वाटत होतं ते त्यांच्या हातांवरून दिसत होतं. टोपी काढून ते ती बोटांत गोल गोल फिरवत होते, आणि असं ते कधीच करत नसत. पण मी तेव्हा त्यांच्याकडे पाहतच नव्हते.

शेवटी हेडमास्तरांनाच दया आली. त्यांनी बायकोला हाक मारली. त्या पदर खोचून निरांजन घेऊन आल्या. हेडमास्तरांनी तिथल्या तिथे उत्तरपूजा केली, अक्षता टाकल्या, प्रत्येक वस्तू जागची जराशी हलवली. घंटा हलवली, फावडं हलवलं, कॉम्प्युटर हलवला. मग मला म्हणाले, घ्या मॅडम. पाच चाळीस झाले होते.

पहिल्यांदा बटण दाबलं, नुसता दिवा लागला. दुसऱ्यांदा पंखा घरघरला आणि थांबला. तिसऱ्यांदा सुरू झालं. मला त्या खटाऱ्याला मिठी मारावीशी वाटली. पडद्यावर चित्रं एकेक करून उगवत होती, किती वेळ लागत होता. मेलचं पान उघडलं. दुकानदाराने पुसलं नव्हतं. टोपलीच्या कप्प्यात चारशेच्या वर पत्रं होती, तीन वर्षांची माझी झालेली कामं, एकावर एक. मी खाली खाली जात राहिले. मामाजी माझ्या खुर्चीमागे उभे. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

सापडला. दिल्लीवाल्यांचं नाव, तारीख, सोबत फोटो असल्याची खूण.

पेनड्राइव्ह मी सोबत आणला होता, नवा, सोसायटीचा. तो लावला तर मशीनला तो ओळखेना. ओळखणार कसं, मशीन कुठल्या जमान्यातलं. मी दोनदा काढून घातला, तिसऱ्यांदाही तेच. छपाईचं यंत्र शाळेत नव्हतं, टेलिफोनची तार नव्हती. हेडमास्तरांनी कपाटाचे खण उपसले आणि खडूच्या डब्याखालून तालुक्याहून आणलेली एक फ्लॉपी काढली, त्यावर पेनाने चौथीचे मार्क असं लिहिलेलं. मार्क जाऊ द्या, म्हणाले. पाच पंचावन्न.

फ्लॉपी घातली. करकर आवाज करत तिने घ्यायला सुरुवात केली. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. अर्ध्यावर आली, थांबली, पुन्हा सरकली. मला मेल उघडून वाचायचाही धीर नव्हता. पट्टी शेवटाला पोचली असं मला वाटलं, आणि त्याच क्षणी लाईट गेली. वर्गात अंधार झाला नाही, खिडकीतून उजेड होता, पण पडदा काळा.

पट्टी पुरी गेली होती की नव्हती, हे तिघांनाही सांगता येईना. हेडमास्तर म्हणाले मला वाटतं गेली होती. मामाजी म्हणाले त्यांची नजर पट्टीवर नव्हती. मी फ्लॉपी बाहेर काढली, रुमालात गुंडाळली आणि पोटाशी धरली. हेडमास्तरांनी आमच्या हातात आपट्याची पानं ठेवली. मामाजींनी त्यांना मिठी मारली.

त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी सातला आम्ही सोसायटीचं कुलूप काढलं. नव्या मशीनला फ्लॉपीची जागा होती एवढं नशीब. मी ती घातली आणि हात मांडीवर ठेवून बसले. करकर झाली. थांबली. पुन्हा झाली. आणि पान उघडलं. सगळा मेल होता, तारीख होती, फोटो होता, काठ दिसत होता. मी मोठ्याने हसले असेन, कारण मामाजी दचकले. मी लगेच दोन प्रती छापल्या.

मग मामाजी म्हणाले, वाचून दाखव.

मजकूर हिंदीत होता पण अक्षरं इंग्रजी, तेव्हा तसंच लिहायचो, त्यामुळे त्यांना तो वाचता यायचा नाही. मी वाचू लागले. नमस्कार, फोटो पाठवत आहोत, आणि पुढे, हा काठ मी काढलेला आहे, माझा स्वतःचा नमुना आहे, खाली मामाजींचं नाव. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

“असं नव्हतं सांगतलं मी तुले,” ते म्हणाले. “मी सांगतलं होतं, काढला हिनं, विणला मी.”

आणि मला आठवलं. सगळं आठवलं. त्यांनी खुर्चीत बसून बरंच काही सांगितलं होतं. आत्याबाईंनी कांड्यांतून उरलेल्या धाग्याचे तुकडे डब्याच्या झाकणावर मांडून मांडून हा काठ कसा बसवला, लोंबी कुठे ठेवायची यावरून आठ दिवस कसा वाद झाला. आणि मी मनात म्हटलं होतं की दिल्लीवाल्यांना या घरगुती गोष्टी कशाला. छोटं आणि नीटनेटकं लिहावं, कोर्समध्ये तसंच शिकवलं होतं. मी आत्याबाईंना कापून टाकलं होतं, आणि एवढ्या वर्षांत एकदाही त्याची आठवण झाली नव्हती. कारध्याच्या पुलावर मी ज्यासाठी देवाचा धावा केला ते हे पत्र होतं.

मी मामाजींना म्हटलं, आज राहू द्या. आज तारखेचं काम आहे. काठ घरात राहिला की पुढचं पुढे पाहू. त्यांची टोपी पुन्हा बोटांत फिरू लागली.

दहाला दोन्ही साहेब आले. व्यापाऱ्याचा एक माणूसही आला, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. साहेबांनी त्याचे कागद पाहिले, मग आमचा मेल पाहिला. त्याची सगळ्यात जुनी तारीख आमच्या तारखेनंतर आठ महिन्यांची होती. मोठे साहेब म्हणाले, यात फार पाहण्यासारखं काही नाही. त्यांनी पेन उघडलं. अध्यक्षांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मला वाटलं सुटलो.

मामाजी उभे राहिले. म्हणाले, साहेब, तारीख बरोबर आहे, मजकूर बरोबर नाही. काठ माझ्या बायकोने काढलेला आहे, मी फक्त विणला.

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी कागद पुन्हा वाचला. मग चष्म्यावरून पाहून विचारलं की तुमच्याच पत्रात मी काढला असं लिहिलं आहे, आता तुम्हीच ते खोटं म्हणता, मग आम्ही या पत्रातलं खरं काय धरायचं. व्यापाऱ्याच्या माणसाने फाइल पुन्हा उघडली. मामाजी माझ्याकडे बघतही नव्हते. सुनेचं नाव त्यांनी घेतलं नसतं, काठ गेला असता तरी.

मला उभं राहायला किती वेळ लागला ते आठवत नाही. पण उभी राहिले.

“मामाजी खोटं बोलत नाहीत, साहेब. यांनी बरोबर सांगितलं होतं. लिहिताना मी आत्याबाईंना गाळलं.”

का गाळलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गरज वाटली नाही म्हणून. इतकं लाजिरवाणं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नाही. सोसायटीचे दहा-बारा लोक ऐकत होते. माझ्याकडचा कागद हरवत नाही, असं मी याच लोकांसमोर म्हटलं होतं.

साहेबांनी आत्याबाईंना बोलवायला सांगितलं. त्या चरख्यावरून उठून आल्या, मनगटाला धाग्याचा गुंता तसाच, डोक्यावर पदर. त्या खोलीत त्या याआधी कधी आल्याच नव्हत्या, झाडायलासुद्धा नाही. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. साहेबांनी आधी व्यापाऱ्याच्या माणसाला विचारलं, या काठातली लोंबी कललेली का आहे. तो म्हणाला, डिझाइन आहे, दिसायला चांगलं. मग तेच आत्याबाईंना विचारलं. त्यांना प्रश्नच नवलाचा वाटला.

“दाणा भरला का लोंब वाकतेच ना, बापा. सरळ उभी राहाते ते पोचट.” मग पुढे म्हणाल्या, “अन् सरळ केली तं दाताले भिडते. तिथं तार टिकत नाही. दोनदा तुटली, मंग म्या इकडे वाकवली.”

दाताला किती तार, खाचेत किती सोडायचे, लोंबीचा पहिला दाणा कितव्या तारेवर, हे सगळं त्या बोटांच्या पेरांवर मोजून घडाघडा सांगत गेल्या. धाकटे साहेब फोटोवर भिंग धरून मोजत होते. एकदाही फरक पडला नाही. मोठ्या साहेबांनी लिहिलं, काढणार या, विणणार हे. माझ्याकडून माझ्या चुकीची कबुली लिहून घेतली, सही घेतली. आत्याबाईंनी त्यांच्या नावापुढे अंगठा दिला. अध्यक्षांनी पेढे मागवले. मी खाल्ला नाही.

दुपारी घरी आत्याबाई पुन्हा चरख्यावर बसल्या. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. माफी मागायची होती. त्यांनीच विचारलं, त्या पत्रात माझं नाव नव्हतं का. मी म्हटलं, नव्हतं. मामाजींनी सांगितलं होतं, मी लिहिलं नाही.

त्या रागावतील असं मला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. पण त्यांनी माझ्या चुकीकडे लक्षच दिलं नाही. त्यांचं लक्ष भलत्याच गोष्टीवर गेलं होतं.

“यायनं सांगतलं होतं?” त्या म्हणाल्या. “माझं नाव? तीन वर्सांपयले?”

मी म्हटलं, हो.

“मले तं कधी बोलले नाहीत वं.”

मग त्यांनी मला विचारलं की ते काय म्हणाले होते. मी सांगितलं, काढला हिनं, विणला मी. त्या म्हणाल्या, असं नको, ते बोलले तसं पुरं सांग. मी आठवेल तेवढं सगळं सांगितलं, डब्याचं झाकण, धाग्याचे तुकडे, आठ दिवसांचा वाद. संपल्यावर त्या म्हणाल्या, अजून एकदा. मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. आत्याबाई चरखा थांबवून ऐकत होत्या.